साहेबांच्या सहीवरची लाल ओळ

मोठ्या साहेबांच्या केबिनशेजारच्या संडासात पाहुणा बसलेला होता आणि नळाला पाणी नव्हतं. कडी आतून होती. तो आतून इंग्रजीत काहीतरी म्हणत होता, आधी हळू, मग जोरात. बाहेर मी, माझ्या हाताखालची कमल आणि आमचे अ‍ॅडमिनचे सुपरवायझर सेलूकर साहेब. सेलूकर साहेब दाराला तोंड लावून "वन मिनिट सर, वन मिनिट" म्हणत होते. ते वन मिनिट सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

"मावशी, पाणी!" ते माझ्याकडे वळून म्हणाले.

"पाणी नाय साहेब."

"नाही म्हणजे? हौदात असेल ना!"

"हौदात पाल फिरतीय. आताच बघून आले."

पाहुणा परदेशातल्या गिऱ्हाईक कंपनीचा तपासणीस होता. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करायची आणि तो माल घ्यायचा की नाही, हे ह्या माणसाच्या हातात होतं. सध्या त्याच्या हातात काहीच नव्हतं, टमरेलसुद्धा.

मी कमलला म्हटलं, "मीटिंगच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडल्यात, त्या आण. सगळ्या आण." तिनं पदरात भरून आणल्या. मी दार वाजवलं. दार वीतभर उघडलं, एक गोरा केसाळ हात बाहेर आला. मी बाटली दिली. हात आत गेला आणि आतून गटागटा पिण्याचा आवाज आला.

"साहेब," मी म्हटलं, "पिऊ नका म्हणावं त्याला."

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं, ह्यात सेलूकर साहेबांना घाम फुटला. त्यांनी काय सांगितलं मला कळलं नाही, पण पिण्याचा आवाज थांबला आणि हात परत बाहेर आला. मी टोपणं काढून काढून देत गेले. अकरा बाटल्या लागल्या.

पाहुणा बाहेर आला, कुणाकडे न बघता मीटिंगला गेला. त्यानंतर मोठ्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"सकाळचा टँकर कुठं गेला?"

"वस्तीत रिकामा केला," मी म्हटलं.

"कंपनीचा टँकर वस्तीत? कुणाच्या ऑर्डरनं?"

मी सेलूकर साहेबांकडे बोट केलं. "यांच्या."

सेलूकर साहेबांचं तोंड असं झालं की मला आजही त्याचं वाईट वाटतं. पण बोट मी खाली घेतलं नाही.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

मी वाळूजच्या त्या कंपनीत हाउसकीपिंगची मुकादम होते. हाउसकीपिंग म्हणजे झाडू, पोछा, संडास, बेसिन, कचरा. नाव इंग्रजी दिलं म्हणून वास कमी होत नाही. माझ्या हाताखाली बावीस बाया. माझं शिक्षण चौथी, वैजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. पाचवीला दुसऱ्या गावाला जायचं होतं, बापानं पाठवलं नाही. पण चौथीचं वाचन माझं पक्कं होतं, आणि बावीस जणींत तेवढंच पक्कं होतं. म्हणून मी मुकादम झाले. कंपनीत मला सगळे मावशी म्हणायचे. प्लांट हेडपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची मी मावशी, पण लग्नाचं बोलावणं एकाही भाच्यानं दिलं नाही.

ह्या कामाचं एक सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं. संडास स्वच्छ असला की कुणाला दिसत नाही. घाण असला की सगळ्यांना दिसतो. तीस वर्षं मी असं काम केलं जे नीट झालं की दिसतच नाही. दुसरं, पाणी जास्त लागतं ते आळशी बाईला. शहाणी बाई आधी सगळं कोरडं झाडून घेते, मग ओलं करते. बेसिन पुसलेल्या पाण्यानं फरशी, फरशीच्या पाण्यानं संडास. एका बादलीत तीन कामं. उलट्या क्रमानं केलीत तर मात्र बेसिनवर कुणी तोंड धुऊ नका. माझ्याकडे नवीन बाई आली की मी तिला पहिले आठ दिवस बादलीला हात लावू देत नसे. नुसता झाडू. काही जणी रडायच्या. रडू दे.

आता कागदाचं. फार पूर्वी, सेलूकर साहेब येण्याआधी, दुसरे एक साहेब होते. त्यांनी मला तोंडी सांगितलं, जिन्याखालची खोकी भंगारात टाका. आम्ही टाकली. त्यात कुठल्याशा मशीनचे नमुने निघाले. साहेब म्हणाले, मी असं बोललोच नाही. तीन बाया घरी गेल्या. मी वाचले, कारण मुकादमाच्या ऐवजी हाताखालच्यांना काढायची तेव्हा पद्धत होती, अजूनही असेल. त्या तिघींपैकी एक मला पुढं कधी दिसली तर रस्ता बदलायची. त्या दिवसापासून मी नियम केला. कागद दाखवा, मग काम.

साहेब लोक हसले. पण मी हटले नाही. शेवटी असं ठरलं की साहेबांनी आम्हाला जे सांगायचं ते कॉम्प्युटरवर मेल म्हणून लिहायचं आणि त्याची छापील प्रत मला द्यायची. सकाळी हजेरीला मी ती बायांना मोठ्यानं वाचून दाखवायची, वरपासून खालपर्यंत, एक अक्षर न गाळता, आणि मग कागद आमच्या खोलीतल्या तारेत ओवून ठेवायचा. तार भरली की दुसरी तार. कुणी काही नाकारलं की मी तार घेऊन जायची.

सेलूकर साहेब आले तेव्हा ही पद्धत पडून गेली होती. माणूस चांगला. पस्तिशीचा, मूळ परभणीकडचा, गारखेड्याला राहायचा. घरात आजोबांपर्यंत सगळे भिक्षुकी नाहीतर कारकुनी करणारे, पण ह्याला समाजाचं वेड. रविवारी हर्सूल तलावातला गाळ काढायला जायचा, सोमवारी हाताला फोड घेऊन यायचा. मला "अहो मावशी" म्हणणारा कंपनीत एवढा एकच. त्याला खोड एकच होती. प्रत्येक मेलच्या शेवटी, आपल्या नावाच्या वर, तो एक घोषणा टाकायचा. लाल अक्षरात.

पहिली घोषणा होती, "झाडं वाचवा, हा मेल छापू नका." ही मला रोज छापून मिळायची. आठ दिवस मी वाचली, नवव्या दिवशी जाऊन विचारलं.

"साहेब, छापू नका असं छापून देता, आम्ही काय करावं?"

"अहो मावशी, ते तुमच्यासाठी नाही. ते आपोआप येतं."

"आपोआप कसं येईल? तुमचं नाव हाय खाली."

"एकदा लिहून ठेवलं की सगळ्या मेलला आपोआप लागतं."

"मंजी बघितल्याबिगर सही करता व्हय?"

ते हसले. माझ्याशी हसून बोलायचे, तिथंच चुकायचे. दुसऱ्या दिवशी घोषणा बदलली. "लेक शिकवा, घर पुढं न्या."

त्याच आठवड्यात वरून हुकूम आला आणि साहेबांनी तो आम्हाला मेलवर पाठवला, की शाळेच्या कारणासाठी कोणत्याही महिलेला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळणार नाही. मी हजेरीला वाचला. शेवटची लाल ओळही वाचली. मग कमल म्हणाली, "आक्का, शेवटचं परत वाचा." कमलच्या पोरीचं आठवीचं नाव घालायचं होतं आणि शाळा आईला बोलवत होती. मी परत वाचलं. कमलनं माझ्या हातातून कागद घेतला आणि सरळ साहेबांच्या टेबलावर जाऊन ठेवला.

"साहेब, वर म्हणता जाऊ नको, खाली म्हणता शिकीव. कोणतं धरू?"

साहेबांनी कागद वाचला. आपलंच लिहिलेलं पहिल्यांदा वाचावं तसा वाचला. मग म्हणाले, "जा. दुपारी परत या."

पोरीचं नाव लागलं. ती पुढं नर्स झाली, पण ते माझं सांगणं नाही. माझं सांगणं एवढंच की त्या दिवशी आम्हा बावीस जणींना कळलं की मेलच्या शेवटची ओळ उपयोगी असते. तोवर आम्ही ती आरतीनंतरच्या जयजयकारासारखी ऐकायचो.

घोषणेची लागण हळूहळू इतरांनाही झाली. स्टोअरला काळे म्हणून सुपरवायझर होते, नगर जिल्ह्यातल्या धरणाजवळचे. आम्हाला जे फिनेल, झाडू, साबण लागायचं ते सेलूकर साहेब मेलवर मागायचे आणि काळे द्यायचे. बारा साली पाऊस पडला नाही. जायकवाडीत पाणी नाही, वरच्या धरणांतून सोडायचं की नाही ह्यावर रोज भांडणं, मोर्चे. सेलूकर साहेबांनी घोषणा बदलली, "मराठवाड्याच्या हक्काचं पाणी सोडलंच पाहिजे." ह्या घोषणेच्या वर मजकूर होता, फिनेल दहा कॅन, झाडू बारा. काळ्यांनी उलट मेल टाकला. मजकूर, मागणी मिळाली. त्याखाली निळ्या अक्षरात, "वरच्यांनी काय माती खायची?" सेलूकर साहेबांनी परत फिनेल मागितलं आणि खाली आणखी जोरदार ओळ टाकली. काळ्यांनीही टाकली. फिनेल काही आलं नाही. तीन आठवडे आमचं फिनेल धरणात अडकून राहिलं.

मी काळ्यांकडे गेले. म्हटलं, "साहेब, माझं सासर वैजापूरचं, माहेरही तिकडचंच. आमच्याकडं कालव्याला पाणी आलं तर आलं. मी वरची बी नाय आन खालची बी नाय. मला संडास धुवायचाय. फिनेल द्या."

काळे म्हणाले, "मावशी, तुमच्या साहेबाला सांगा आधी ती ओळ काढ म्हणून."

मी सेलूकर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मावशी, प्रश्न तत्त्वाचा आहे."

मी म्हटलं, "तत्त्वाला वास येत नाय साहेब, खालच्या मजल्याला येतोय. चला दाखवते." नेऊन दाखवला. नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि त्याच दिवशी ओळ काढली. फिनेल संध्याकाळी आलं. मला वाटलं, खोड गेली. कसली जाते.

तेरा सालचा उन्हाळा आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नळाची वाट तेव्हाही बघायचो, आताही बघतो. शहर पसरत पसरत वाळूजला येऊन भिडलं होतं. नव्या बिल्डिंगींना सरोवर, निर्झर, गंगासागर अशी नावं आणि प्रत्येकीच्या दारात टँकर. कंपन्यांचं पाणी कमी केलं. आमच्या कंपनीनंही टँकर लावला, दौलताबादकडच्या एका विहिरीवरून. रोज दोन खेपा, एक सकाळी साडेसहाला, एक नऊला. टँकर शब्बीरभाईंचा. टँकर गेटवर आला की पावतीवर मी सही करायची आणि कुठं रिकामा करायचा ते लिहून द्यायचं. हौदात, मशीन थंड करायच्या टाकीत, नाहीतर बागेत. बागेत मी कधी लिहिलं नाही. गुलाब मेले, कुणी रडलं नाही.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून वस्ती होती. माझ्या बावीसपैकी चौदा जणी तिथं राहायच्या. वस्तीला टँकर यायचा, तो बंद झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ दिवस झाले. पिण्यापुरतं त्या लांबून डोक्यावर आणायच्या. अंघोळ बंद. कपडे धुणं बंद. गणवेश म्हणजे साडीवर घालायचा निळा कोट, कंपनीनं प्रत्येकीला एकच दिलेला. आठ दिवस संडास धुतलेला कोट कसा दिसतो आणि कसा वास मारतो हे मी लिहीत नाही.

ऑफिसातल्या कुणीतरी तक्रार केली. शुक्रवारी मेल आला. मी हजेरीला वाचला. हाउसकीपिंगच्या महिला मळक्या गणवेशात येतात. सोमवारपासून गणवेश धुतलेला नसेल तर गेटवरून परत पाठवले जाईल. तीनदा परत गेल्यास नाव कमी करण्यात येईल.

चौदा जणी ऐकत होत्या. एकीनं आपल्या कोटाचा काठ मुठीत धरला होता.

आणि खाली, लाल अक्षरात, सेलूकर साहेबांची त्या उन्हाळ्याची नवी घोषणा होती. "आधी माणसाला पाणी, मग मशीनला!" त्याखाली त्यांचं नाव, हुद्दा, फोन नंबर.

मी एक अक्षर गाळत नसते. तीही वाचली.

कमल म्हणाली, "आक्का, काय धुवावं न् कशानं धुवावं?"

मी सेलूकर साहेबांकडे गेले. ते खाली मान घालून म्हणाले, "वरून आलंय मावशी. मी फक्त पाठवलं."

"पाणी कुठून आणायचं त्यांनी?"

"मी बोलतो वर. दोन-चार दिवसांत बोलतो."

दोन-चार दिवसांत तीनदा परत जाऊन झालं असतं.

इथं मला एक खरं सांगू द्या. पुढं कंपनीत सगळे म्हणाले, मावशी अडाणी, तिला घोषणा आणि हुकूम यातला फरक कळला नाही. मी ते म्हणू दिलं, कारण त्यात माझा फायदा होता. पण मला फरक चांगला कळत होता. मी त्या दिवशी कागद घेऊन बसले आणि दोनदा वाचला. वरची ओळ म्हणत होती, कपडे धुऊन या. खालची ओळ म्हणत होती, माणसाला आधी पाणी द्या. वरची पाळायची तर खालची पाळल्याशिवाय जमत नव्हतं. दोन्ही एकाच माणसाच्या नावानं आल्या होत्या. मग मी दोन्ही पाळायच्या ठरवल्या.

शनिवारी साडेसहाला शब्बीरभाई गेटवर आले. मी पावतीवर लिहिलं, मागची वस्ती.

शब्बीरभाईंनी पावती डोळ्यांजवळ नेली. "आपा, ये कंपनी का पानी है. वस्ती में कायकू?"

"साहेब का ऑर्डर है." मी मेल दाखवला. त्यांना मराठी वाचता येत होतं, सावकाश. लाल ओळ त्यांनी बोट लावून वाचली.

"हौ," ते म्हणाले, "लिखा तो है. पन आपा, बाद में मेरेकू नक्को पकडना."

"तुमकू कायकू पकडेंगे? सही मेरी है."

"और दुसरी खेप?"

"दुसरी कंपनी में. नऊ बजे. पक्का."

"पक्का," ते म्हणाले.

टँकर वस्तीत शिरला तेव्हा मी बरोबर होते. रेटारेटी होऊ दिली नाही. म्हाताऱ्या आधी, मग लेकुरवाळ्या, मग बाकीच्या. एका घराला एक टिपाड. दोघी भांडायला लागल्या तर दोघींनाही रांगेत शेवटी उभं केलं. कमल आपलं टिपाड भरून माझ्याजवळ आली.

"आक्का, नोकरी जाईल तुमची."

"कागद हाय."

"कागदावर काय बी लिव्हतेत वो."

"म्हणूनच तर ठिवायचा."

आता माझी चूक. माझा हिशोब असा होता की नऊची खेप आली की हौद भरेल, कुणाला काही कळणार नाही. पण विहिरीवरची लाईट गेली. नऊ वाजले, दहा वाजले, शब्बीरभाईंचा पत्ता नाही. आणि दहाला पाहुणा आला. पाहुणा येणार हे आम्हाला कुणी छापून दिलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशी दाराशी नव्या कुंड्या मांडायला लावल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या कंपनीत हिरवळ पाहुण्याबरोबरच यायची. माझं लक्ष चौदा कोटांकडे होतं, कुंड्यांकडे नव्हतं. पुढचं संडासातलं मी सांगितलंच आहे.

तर केबिनमध्ये मी बोट केलं आणि सेलूकर साहेब म्हणाले, "सर, मी अशी कुठलीही ऑर्डर दिलेली नाही."

मला ते भंगारातल्या खोक्यांचे साहेब आठवले. वाक्य तेच होतं.

मी म्हटलं, "तार घेऊन येते."

तार आणली. वरचाच कागद होता. मोठ्या साहेबांनी चष्मा लावून वाचला. वरचा मजकूर वाचला, लाल ओळ वाचली, मग परत वरचा वाचला.

"सेलूकर, हे काय आहे?"

"सर, ती… ती एक भावना आहे."

"मावशी," मोठे साहेब म्हणाले, "भावना आणि ऑर्डर, यातला फरक कळत नाही तुम्हाला?"

"कळतो साहेब. भावना तोंडानं सांगत्यात. नाव, हुद्दा, फोन नंबर घालून आली मंजी ऑर्डर."

"पण हे तर नुसतं खाली लिहिलेलं असतं!"

"खाली कुठंय? नावाच्या वर हाय. सही त्याच्या खाली हाय. आमच्याकडं सहीच्या वर जे असतंय ते सही करणाऱ्याचं."

मोठ्या साहेबांनी कागद सेलूकर साहेबांसमोर सरकवला. त्यांनी तो हातात घेतला. मग एकदम म्हणाले, आणि हे मात्र मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते, "सर, मावशींचं बरोबर आहे. लिहिलं मी आहे. आणि मला ते खरंच वाटतं."

"खरं वाटतं तर टँकर द्यायचं मला विचारलंत कधी?"

"नाही सर."

"लिहीत मात्र रोज होतात."

"हो सर."

साडेबाराला शब्बीरभाईंचा टँकर आला आणि हौदात पाणी पडलं. त्याआधी तपासणीस निघून गेला होता. त्याचा अहवाल पुढं आला. माल पास केला होता. फक्त एक शेरा मारला होता, तो सेलूकर साहेबांनीच मला मराठीत सांगितला, की दुष्काळी भागात ही कंपनी संडासात सीलबंद पिण्याचं पाणी वापरते, हा अपव्यय थांबवावा.

मला लेखी ताकीद मिळाली. तीही तारेत ओवली. आणि सगळ्या सुपरवायझरांना हुकूम निघाला की मेलच्या खाली नाव, हुद्दा आणि फोन नंबर, ह्याशिवाय काही लिहायचं नाही. घोषणा नाही, सुविचार नाही, देवाचं नाव नाही. काळ्यांच्या मेलखाली तोवर रोज एक देव असायचा, तोही गेला.

लोक मला विचारतात, मावशी, तुम्हाला काय वाटतं, साहेबानं घोषणा लिहावी की नाही. मला वाटतं, लिहू नये. सुपरवायझरच्या हातात माणसाची भाकरी असते. त्याची घोषणा खालच्या माणसाला पटो न पटो, मान हलवावी लागते. काळ्यांची मला पटत नव्हती तरी फिनेलसाठी मी मान हलवलीच की. आणि एखादी गोष्ट खरंच पटत असेल तर ती वरच्या मजकुरात लिहावी, जिथं ती कामाला लागते. खाली लाल करून काय उपयोग?

सोमवारी गेटवर वॉचमन बायांचे कोट बघायला उभा होता. चौदा जणी आल्या. चौदाही कोट धुतलेले. दोघींचे तर ओलेच होते, पाणी गळत होतं. वॉचमन म्हणाला, "मावशी, हे ओले आहेत."

"मेलमध्ये धुतलेले लिव्हलंय," मी म्हटलं. "वाळलेले कुठं लिव्हलंय?"

त्यानं आत सोडलं.

पण एका टँकरनं उन्हाळा निघत नाही. पुढच्या सोमवारी काय? मी मोठ्या साहेबांकडे जायला निघाले होते, तेवढ्यात सेलूकर साहेबांनी बोलावून कागद दिला. तो मेल त्यांनी आधी मोठ्या साहेबांना पाठवून मंजूर करून घेतला होता. माझ्याकडे तो अजून आहे. लिहिलंय, हाउसकीपिंगचा गणवेश ही कंपनीची वस्तू असल्याने तो कंपनीतच धुतला जावा. त्यासाठी मागच्या मोरीत रोज दोन टिपाडं पाणी मुकादमांच्या ताब्यात द्यावे. खाली नाव, हुद्दा, फोन नंबर. लाल काही नाही.

"साहेब, हे तुम्ही लिव्हलं?"

"मी लिहिलं. आणि मावशी, त्या दिवशी तुम्ही मला अडकवलंत."

"व्हय," मी म्हटलं. "कुणाला तरी अडकवायचंच होतं. दुसऱ्या कुणी काय लिव्हलंच नव्हतं."

ते हसले, पण पूर्वीसारखे नाही. कंपनीत त्या पाण्याबद्दल काहीतरी वाटणारा तो एकच साहेब होता, आणि कात्रीत मी त्यालाच धरलं. बाकीच्यांना धरायला जागाच नव्हती. त्याची खंत मला आहे, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन.

त्या दोन टिपाडांत चौदा कोट धुतले जायचे. मोरीला दार होतं. कोटाबरोबर बाया अंघोळही करायच्या. ते मेलमध्ये नव्हतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. उरलेल्या पाण्यानं फरशी, फरशीच्या पाण्यानं संडास.

जूनमध्ये पाऊस आला. सेलूकर साहेब दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीत गेले. काळे स्टोअरलाच राहिले. दाराच्या कुंड्यांतलं एकही झाड जगलं नाही. मी साठ पूर्ण होईपर्यंत कामावर होते. शेवटच्या दिवशी मी हजेरी घेतली तेव्हा त्या चौदापैकी चौदाही जणी समोर उभ्या होत्या.